विरजण एका घरी बाहेर असावं

देवासहून निघाले त्या सकाळी आमच्या घरी दहीच लागलं नव्हतं. परगावी निघालेल्या माणसाच्या हातावर दही घालायचं, ही आमच्याकडची न मोडणारी रीत, आणि नेमकं त्याच दिवशी थंडीनं दगा दिला. आई झाकण काढून पातेलं हलवून बघत होती, आत दुधाचं दूध. बाहेर इंदूरला न्यायला जीप उभी. बाबा पासपोर्ट खिशातून काढून बघत होते, परत ठेवत होते, परत काढत होते. मग आई वाटी घेऊन शेजारच्या रेखाभाभींकडे गेली आणि दही घेऊन आली.

"उसनं दही चालतं का गं?" मी विचारलं. खरं तर मला कशाचं तरी निमित्त करून थांबायचं होतं.

"उसनं कुठलं? परवा तिनं आपल्याकडूनच विरजण नेलं होतं. आपलंच आहे ते," आई म्हणाली. "आपलं विरजण एका घरी तरी बाहेर असावं. मग ते बुडत नाही."

मी दही चाटलं, पाया पडले आणि जीपमध्ये बसले. देवासची टेकडी मागे गेली तशी मनात जी भीती बसली, ती पुढं कित्येक वर्षं उठली नाही. तुम्ही जे तिथंच राहिलात, तुम्हाला वाटायचं पोरगी अमेरिकेला गेली, ऐटीत असेल. आणि तुम्ही जे माझ्यासारखेच निघालात, तुम्हाला ठाऊक आहे की ऐट फोटोत असते. बाकीचा वेळ भीतीच असते.

नव्वदच्या दशकाचे शेवटचे दिवस होते ते. सन दोन हजार उजाडलं की जगातले कॉम्प्युटर तारीख चुकणार, म्हणून आमच्यासारख्यांना पोत्यानं उचलून नेत होते. मला न्यू जर्सीतल्या एका कंपनीनं नेलं. काम काय, तर माझ्या जन्माच्या आधी लिहिलेले प्रोग्रॅम वाचायचे आणि तारखा दुरुस्त करायच्या. एक जानेवारी आली, गेली, काहीही बुडालं नाही. त्यानंतर मात्र आम्ही बुडायला लागलो. दर शुक्रवारी कुणीतरी पुठ्ठ्याच्या खोक्यात आपला कप आणि मुलांचे फोटो भरून निघायचा. नोकरी गेली की व्हिसा गेला. शुक्रवारी मला जेवण जात नसे.

आता आईच्या गाण्यांबद्दल सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. आई धारची. तिचं घराणं महाराष्ट्रातून राजदरबाराबरोबर आलेलं, तिथंच मुरलेलं. नणंदेला 'वन्सं' म्हणणारी, भाजीवाल्याशी तिकडच्या माळवी बोलीत भांडणारी, आणि देवासमोर बसली की अगदी जुन्या वळणाची मराठी बोलणारी ती शेवटची पिढी. बाबा मिरजेकडचे, कारखान्यातल्या नोकरीसाठी देवासला आलेले. माझी शाळा हिंदी. मराठी पुस्तक हातात घेतलं की दोन पानांत दम लागे. पण धारच्या माईमामींची मंगळागौरीची गाणी मला तोंडपाठ होती. अर्धी मराठी, अर्धी माळवी. जगात दुसरीकडे कुठंही नसलेली. आईनं मामींना बसवून ती सगळी उतरून घेतली आणि आमच्या मराठी मंडळासाठी चौकातल्या दिनेशभियांच्या दुकानात टाइप करून घेतली. पुस्तक काढायचं होतं.

त्या काळात कॉम्प्युटरवर मराठी म्हणजे एकेका कंपनीची जहागीर होती. प्रत्येकीचा फाँट वेगळा आणि आत अक्षरं साठवायची तऱ्हाही वेगळी, दुसऱ्याला न कळणारी. दिनेशभियांच्या सॉफ्टवेअरला मशीनच्या पाठीमागं एक बोटभर कुलूप लावावं लागे, त्याला डोंगल म्हणत. ते असेल तरच मराठी दिसणार. एका पावसाळ्यात वीज कडाडली आणि डोंगल जळलं. विकणाऱ्या कंपनीनं सांगितलं, ती आवृत्ती आम्ही बंद केली. फ्लॉपी उघडल्या की पडद्यावर इंग्रजी अक्षरं, डॉलर आणि उद्गारचिन्हांची खिचडी. हातानं लिहिलेले कागद प्रुफं झाल्यावर बंबात गेले होते. माईमामी त्याच साली गेल्या.

"माझीच गाणी, माझ्याच घरात, आणि मलाच वाचता येत नाहीत?" आई फोनवर म्हणाली होती. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

सॉफ्टवेअर खुलं असावं, म्हणजे कुणीही आत बघावं, बदलावं, की बंद, यावर आमच्या धंद्यात माणसं तावातावानं भांडतात. माझं मत त्या फोनवर ठरलं. जे उघडता येत नाही, ते तुमचं नाही. दुकानदारानं पावती दिली असली तरी नाही. कुणी त्यातून पैसे मिळवावेत, खुशाल मिळवावेत. पण एका बाईची गाणी आणि ती बाई यांच्यामध्ये कुलूप लावून मग किल्लीच बनवायची बंद करायची, याला धंदा म्हणत नाहीत. याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे, तो इथं लिहीत नाही.

बाबांनी एका गाण्याचं छापील प्रूफ कुठून तरी शोधून पोस्टानं पाठवलं आणि त्याच गाण्याची फाइल सायबर कॅफेतून मेल केली. मी शनिवार-रविवार बसून दोन्ही शेजारी ठेवून अक्षरं जुळवत गेले. कोणत्या चिन्हाचा क, कोणत्याचा काना, वेलांटी आधी साठवलीय की नंतर. प्रोग्रॅम तयार झाला. कुलपातलं मराठी आत घातलं की कुठल्याही मशीनवर दिसणारं मराठी बाहेर. त्याचं नाव मी 'विरजण' ठेवलं आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला टाकला. अशा प्रोग्रॅमच्या माथ्यावर लायसन्स, म्हणजे घेणाऱ्याला कशाकशाची मुभा आहे ते, लिहायचं असतं. मी नेहमीचं इंग्रजी लायसन्स लावलं आणि त्याच्यावर मराठीत एक ओळ लिहिली: 'हे विरजण आहे. न्या, लावा, मागेल त्याला द्या.'

आणि माणसं न्यायला लागली. ग्वाल्हेरहून एका शाळेचं पत्र आलं. बडोद्याच्या एका निवृत्त गृहस्थांनी तर माझी चूक काढली: 'दर्या'तला र आणि 'दऱ्या'तला र मी एकच केला होता. नुसती काढली नाही, दुरुस्त करून पाठवली, आणि खाली लिहिलं, 'राग नसावा.' राग? मला त्या परमुलखात पहिल्यांदा वाटलं की माझ्या शेजारी कुणीतरी राहतं. ठरवलं, पुढच्या गणपतीला घरी गेले की उरलेल्या सगळ्या फ्लॉपी याच्यातून काढायच्या आणि आईच्या हातात पुस्तक ठेवायचं.

मग मी ती चूक केली. ती आमच्या कारखान्याच्या कॉलनीतलं माणूसच करू शकतं. मी साहेबांना विचारलं.

कारखान्याच्या पगारावर वाढलेल्या घरांत ही गोष्ट दुधातून मिळते. बाबा स्वतःच्या लग्नाची रजासुद्धा 'साहेबांची परवानगी असेल तर' म्हणून घेतलेले. "लपवलं की भीती, सांगितलं की झोप," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. म्हणून मी माझ्या मॅनेजरला सगळं सांगून टाकलं, की घरी, सुट्टीत, स्वतःच्या मशीनवर असं असं केलंय, हरकत नाही ना? शेजारच्या टेबलावरच्या विजयवाड्याच्या पद्मानं कपाळावर हात मारून घेतला. "विचारलंस कशाला?" ती म्हणाली. तिचेही असे दोन प्रोग्रॅम बाहेर होते.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. पण त्याचा चेहरा उतरला, आणि तेव्हा मला कळलं की तोही शुक्रवारी जेवत नसणार. त्यानं वर विचारलं, वरच्यानं वकिलांना. उत्तर आलं: नोकरीत असताना तू जे लिहिशील ते आमचं. प्रोग्रॅम काढून टाक, आणि लिहून दे की तुझ्याकडे एकही प्रत नाही आणि पुढं कुणाला देणार नाहीस.

गंमत बघा. त्याच कंपनीचे सगळे सर्व्हर जगभरच्या लोकांनी फुकट लिहिलेल्या, खुल्या सॉफ्टवेअरवर चालत होते. रोज सकाळी वाटी घेऊन शेजाऱ्याच्या दारात उभं राहायचं आणि आपल्या दह्याला कुलूप घालायचं, अशी ही आमची इंडस्ट्री. हे मी तिथं बोलले का? छे. मी सही केली, साइटवरून प्रोग्रॅम काढला, घरच्या मशीनवरून पुसला. नोकरी राहिली. त्यानंतर पद्मानं आपले दोन्ही प्रोग्रॅम गुपचूप उतरवले. भीती अशी न सांगता पसरते.

गणपतीला घरी आले ती रिकाम्या हातानं. विमानात, मग गाडीत, एकच वाक्य घोळवत होते: आई, गाणी आता निघायची नाहीत. मला बॉसची भीती वाटे, व्हिसाच्या खिडकीची वाटे; पण त्या वाक्याची जी वाटली तशी कशाचीच नाही. चहा झाला. बाबा कारखान्यातून यायचे होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईनं फडताळातून एक गठ्ठा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

छापलेली गाणी. सगळी. माईमामींच्या माळवी शब्दांसकट.

"कुणी केलं हे?" मी पानं उलटत विचारलं.

"दिनेशनं. कुठलंसं नवीन आलंय म्हणे त्याच्याकडे. धारची, बदनावरची माणसंसुद्धा फ्लॉपी घेऊन येतात आता. तुला दाखवीन म्हटलं, तूही त्याच कामातली ना."

संध्याकाळी आम्ही दोघी चौकात गेलो. दिनेशभियांनी पडद्यावर प्रोग्रॅम उघडला. माथ्यावर माझीच ओळ: न्या, लावा, मागेल त्याला द्या. खाली बडोद्याच्या गृहस्थांचं नाव, त्याखाली इंदूरच्या कुणाचं, त्याखाली मला ठाऊक नसलेली आणखी नावं. सगळ्यांनी काही ना काही सुधारलेलं. माझं नाव सगळ्यात वर, पण मी तेव्हा घातलेलं घरगुती नाव, जे देवासात आई-बाबांखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

आनंद झाला असं लिहिलं तर शोभून दिसेल. पण पहिल्यांदा जे वाटलं ते भयच. कंपनीला कळलं तर? मीच वाटत फिरतेय म्हणाले तर? मी दुकानाच्या दाराकडे बघितलं, जणू न्यू जर्सीचा वकील फुटाण्याच्या गाडीपाशी उभा आहे.

"बडोदेवाले साहब से इंदौर आया, इंदौर से मेरे पास," दिनेशभिया सांगत होते. "जिसने बनाया ना दीदी, भगवान उसका भला करे." आणि त्यांनी एक सीडी माझ्यासमोर धरली. "रख लो. हम तो सबको बाँटते हैं."

माझा हात पुढं होईना. तिथंच, लोकांसमोर, मी आईच्या कानात मराठीत सगळं सांगून टाकलं. हे माझंच आहे. मी सही केलीय. माझ्याकडे प्रत असायला नको.

आईनं पूर्ण ऐकून घेतलं. पडद्यावरचं ते घरगुती नाव एकदा वाचलं. मग पदराला हात पुसून तिनं सीडी घेतली आणि पिशवीत टाकली.

"तुझ्याकडे नसावी ना? सही तू केलीस, मी नाही केली," ती म्हणाली. "माझ्याकडे राहू दे."

ती सीडी आमच्या फडताळात, विरजणाच्या वाटीशेजारी राहिली. पुढं मी ती नोकरी सोडली, दुसरी धरली, तिथंही तशीच सही केली. भीती गेलेली नाही. अजूनही वकिलांच्या खात्याकडून मेल आली की उघडण्याआधी मी उठून पाणी पिऊन येते. फक्त आता मत मांडायची वेळ आली की मी घाबरत का होईना मांडते, आणि नवीन मुलींना सांगते, सही करण्याआधी वाचा, आणि जे द्यायचंय ते आधीच देऊन टाका.

घर कुठं, असं इथं कुणी विचारलं की मी पत्ता न्यू जर्सीचा देते. मनात मात्र ते फडताळ येतं. जे जवळ बाळगायची मला भीती वाटते, ते जिथं कुणीतरी न घाबरता सांभाळून ठेवलंय, ते माझं घर.

त्या खेपेला निघताना आईनं हातावर दही घातलं. मी विचारलं, "आज लागलं होतं का आपलं?"

"नाही," ती म्हणाली. "रेखाकडचं आहे. खा, आपलंच आहे."