चार शर्यतींपुरती रेडिओवाली

माझ्या नवऱ्याला ताशी दोनशेच्या वेगात इंग्रजी कळत नव्हतं, म्हणून मला ते काम मिळालं.

तो नवी मुंबईतल्या सारसोळ्याचा. त्याचे वडील खाडीत मासेमारी करायचे, त्यामुळे चालायला लागण्याआधी त्याला होडीत बसता यायला लागलं होतं. पुढे त्याने पर्यटकांच्या स्पीडबोटी चालवल्या, परदेशात जाऊन शर्यतीचं लायसन्स मिळवलं आणि पस्तिसाव्या वर्षी त्याला एका आखाती टीमने पॉवरबोटच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी घेतलं. एका हंगामासाठी, पाच शर्यती, टीमची दुसरी बोट. त्यांना जाहिरातदारांसाठी एक भारतीय चेहरा हवा होता. हे त्यांनी लपवलं नाही आणि त्यालाही वाईट वाटलं नाही.

मी दिघ्याची. वडील कंपनीत फिटर. मी उरणच्या बाजूला बंदराच्या कंट्रोल रूममध्ये रेडिओवर काम करायचे. येणाऱ्या जहाजांशी बोलायचं, कोणाला आत घ्यायचं, कोणाला बाहेर थांबवायचं ते सांगायचं. सात वर्षांत एकदाही माझा आवाज चढला नव्हता. तिथे आवाज चढवून चालतच नाही.

शर्यतीच्या बोटीत एकच माणूस असतो. बंद कोषात, पट्ट्यांनी जखडलेला. समोरच्या बोटीने उडवलेल्या पाण्यापलीकडे त्याला जवळजवळ काही दिसत नाही. म्हणून काठावर उंच जागी दुसरा एक माणूस उभा असतो. त्याला सगळं पाणी दिसतं आणि तो बोटीतल्याच्या कानात बोलत राहतो. हंगामापूर्वीच्या सरावात टीमने नवऱ्याला एक इंग्रज रेडिओवाला दिला होता. नवरा घरी फोन करून म्हणाला, "तो काय बोलला ते मला एक वळण गेल्यावर समजतं. तू ये."

"माझी नोकरी?"

"सुट्टी टाक ना. चार महिन्यांचा तर प्रश्न आहे."

माझी नोकरी कंत्राटी होती. साहेब म्हणाले, "जाऊन या, परत आल्यावर बघू." मी त्या 'बघू'ला होकार समजले.

आमचे शब्द आम्ही नेरुळच्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघरात ठरवले. तो भिंतीकडे तोंड करून प्लास्टिकच्या खुर्चीत डोळे मिटून बसायचा आणि मी मागून बोलायचे. 'आत' म्हणजे आतल्या बाजूने कोणी घुसतंय. 'मोकळं' म्हणजे समोर कोणी नाही. 'दाब' म्हणजे वेग दे. 'सोड' म्हणजे वेगाच्या पेडलवरून पाय काढ, कारण विचारू नकोस. सासूबाई ओट्याशी कोलंबी सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "दोगं येडी झाली का रं?" त्यांच्यासमोर मी त्याला 'अहो' म्हणायचे. रेडिओवर मात्र अरे-तुरे, कारण 'अहो' म्हणेपर्यंत बोट वळणावर पोचलेली असते.

टीमचा मॅनेजर सुरुवातीला नाखूश होता. रेडिओवर काय चाललंय ते त्याला कळायला हवं, असं त्याचं म्हणणं होतं. पण सरावाच्या पहिल्याच फेरीत नवऱ्याची वेळ सुधारली आणि मॅनेजरची हरकत संपली.

पहिली शर्यत इटलीतल्या एका तळ्यावर झाली. आम्ही सातवे आलो. दुसरी पोर्तुगालमधल्या नदीवर, तिथे चौथे. तिसऱ्या शर्यतीत तिसरे. आजूबाजूचे रेडिओवाले कान देऊन ऐकायचे, त्यांना एक शब्द कळायचा नाही. एकाने मला विचारलं, ही तुमची सांकेतिक भाषा आहे का? मी म्हटलं, नाही, ही आमच्या घरातली भाषा आहे.

खरं सांगायचं तर घरात आम्ही तेवढं बोलत नव्हतो. लग्नाला सहा वर्षं झाली होती. पाणी आलं का, गॅस नोंदवला का, सोसायटीची मीटिंग कधी आहे, एवढ्यावर संसार चालला होता. आणि इथे, पाऊण तासाच्या शर्यतीत, मी 'आत' म्हटलं की दीड किलोमीटरवरची बोट माझ्या शब्दासरशी हलायची. मी 'दाब' म्हटलं की त्याचा श्वास बदललेला मला कानात ऐकू यायचा. तिसऱ्या शर्यतीनंतर तो बक्षीस घ्यायला वर चढला, त्याने गर्दीत मला शोधलं आणि स्वतःच्या कानावर बोट ठेवून दाखवलं. त्या दिवशीच्या फोटोत मी नाही, पण ते बोट आहे. तो फोटो मी बरेच दिवस फोनच्या पडद्यावर ठेवला होता.

त्यानंतर तो मॅनेजरबरोबर जेवायला बसायला लागला. मी मेकॅनिक लोकांच्या टेबलावर असायचे. त्याचं इंग्रजी सुधारत होतं. मला आनंदच झाला. मूर्ख होते.

चौथी शर्यत एका जुन्या बंदरात होती. वारा होता आणि पाणी भिंतींवर आपटून परत येत होतं. अर्धी शर्यत झाली तेव्हा आम्ही दुसरे होतो आणि पहिल्याला गाठत होतो. पलीकडच्या वळणावर मागे पडलेली एक बोट उडाली आणि पालथी पडली. सगळीकडे फेस. अजून धोक्याचा पिवळा झेंडा आला नव्हता. नवऱ्याला त्यातलं काहीच दिसत नव्हतं. आणि मला त्याच्या वाटेवर, बरोबर त्याच्या वाटेवर, पाण्यात काहीतरी नारिंगी दिसलं. त्या ड्रायव्हरचं हेल्मेट नारिंगी होतं.

"सोड!"

"काय?"

"सोड, सोड, माणूस आहे!"

त्याने पाय काढला. बोट पाण्यात बसली. दोन्ही बाजूंनी तीन बोटी त्याला ओलांडून गेल्या. त्यानंतर पाचेक सेकंदांनी पिवळा झेंडा आला. झेंड्यानंतर कोणी कोणाला ओलांडू शकत नाही, त्यामुळे होता तो क्रम गोठला. आम्ही पाचवे आलो.

तो ड्रायव्हर आपल्या कोषातच होता. पाणबुड्यांनी त्याला सुखरूप बाहेर काढलं. पाण्यात होता तो त्याच्या बोटीचा तुटलेला तुकडा, इंजिनावरच्या झाकणाचा.

मी खाली धक्क्यावर गेले. नवरा हेल्मेट काढत होता. भोवती सगळी टीम होती.

"झाकण होतं," तो मराठीत म्हणाला, पण त्याच्या चेहऱ्यावरून सगळ्यांना कळलं.

"मला माणूस वाटला."

"दुसरा होतो मी. दुसरा!"

"आणि खरंच माणूस असता तर?"

"नव्हता ना! घाबरलीस तू. पाण्यात मी असतो. तू काठावर असतेस."

त्या वेगात झाकणाचा तुकडासुद्धा बोटीचा तळ फाडू शकतो, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. संध्याकाळी मॅनेजरने सगळ्यांना बसवून चित्रण दाखवलं. नारिंगी ठिपक्यावर त्याने थांबवलं, मोठं केलं, परत मागे नेलं. तीन वेळा. नवरा माझ्या शेजारच्या खुर्चीवर होता. तिसऱ्या वेळेला मी त्याच्याकडे बघितलं. तो पडद्याकडे बघत होता.

पुढच्या शर्यतीला दहा दिवस होते. हॉटेलात नाश्त्याच्या वेळी मॅनेजर आमच्या टेबलाशी आला आणि सभ्यपणे म्हणाला, शेवटच्या शर्यतीत रेडिओवर आमचा माणूस असेल, तुमचे आभार. नवरा पावाला लोणी लावत होता. लावून झालं होतं, तरी लावत होता.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"टीमचा निर्णय आहे. मी काय करणार? टेन्शन नको घेऊस ना, तू ये. बघायला ये."

टीममध्ये बोटीचे पंखे घासणारा एक वयस्कर मेकॅनिक होता. माझ्याशी तो नेहमी चार शब्द बोलायचा. दोन दिवसांनी त्याला वाटलं की मला सगळं ठाऊक आहे. तो म्हणाला, तुझ्या नवऱ्याने स्वतः येऊन दुसरा रेडिओवाला मागितला, त्याला अवघड गेलं असणार. तो सांत्वनच करत होता बिचारा. मी त्याला 'हो' म्हटलं.

मी नवऱ्याला त्याबद्दल काही विचारलं नाही. शर्यतीपर्यंत वाट बघितली, की हा आपणहून सांगेल. त्याने मला त्या शहरातला किल्ला दाखवला. बाजारातून सासूबाईंसाठी शाल घेतली. सांगितलं मात्र नाही.

शेवटच्या शर्यतीत मला गळ्यात घालायला कार्ड मिळालं, त्यावर 'कुटुंब' लिहिलं होतं. मी इतर बायकांबरोबर सावलीत बसले. लांबून सगळ्या बोटी सारख्याच दिसतात. माझ्या तोंडात शब्द येत होते, 'आत', 'दाब', आणि मी दात आवळून बसले होते. शेजारची बाई म्हणाली, तुला थंडी वाजतेय का?

तो जिंकला.

मनातलं सांगते. तो जिंकला तेव्हा मला आनंद झाला नाही. मी त्याचं वाईट चिंतलं नव्हतं. पण तो तिसरा-चौथा यावा, एवढं मात्र मनात होतं. मंचावर मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, आज काय वेगळं होतं? नवरा स्वच्छ इंग्रजीत म्हणाला, "आज माझ्या कानात एक व्यावसायिक माणूस होता." लोक हसले. मीही टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते.

परत आल्यावर सारसोळ्यात जेट्टीजवळ त्याचा फ्लेक्स लागला, नगरसेवकाच्या फ्लेक्सपेक्षा मोठा. बायकांनी ओवाळलं. कोणीतरी माझ्याही हातात गुलाब दिला आणि म्हणालं, "वहिनी, तुमची साथ म्हणून." बंदरावर मी गेले तर माझ्या खुर्चीत चोवीस-पंचवीसची एक मुलगी बसली होती. साहेब म्हणाले, "अहो, तुम्ही तर आता परदेशी राहणार, असं ऐकलं." तिचा आवाज चांगला होता.

महिन्याभराने टीमने पुढच्या हंगामाचा करार पाठवला. नवरा सोफ्यावर पाय पसरून म्हणाला, "ये की तूही. फिरशील."

तेव्हा मी विचारलं, "मला काढायला तू सांगितलंस की त्यांनी?"

त्याने सोफ्यावरचे पाय खाली घेतले. मग म्हणाला, "तू 'सोड' म्हटल्यावर मी विचार न करता सोडतो. त्याचीच मला भीती वाटायला लागली."

एवढं खरं तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलला असेल. थोडा आधी, त्या नाश्त्याच्या टेबलावर बोलला असता, तर मी कदाचित त्याच्यासाठी टाळ्या मनापासून वाजवल्या असत्या. मी म्हटलं, "मी येणार नाही." तो म्हणाला, "तुझी मर्जी." भांडण झालं नाही. आम्हाला भांडायची सवय नव्हती.

तो दुसऱ्या हंगामाला गेला तेव्हा मी ऐरोलीला भाड्याची खोली घेतली, आईवडिलांपासून चालत अंतरावर. एका खासगी रुग्णवाहिकांच्या कॉल सेंटरमध्ये काम मिळालं. घटस्फोटाचा विषय अजून कोणी काढलेला नाही. तो आला की आम्ही भेटतो, चहा पितो, एकमेकांच्या मेसेजला उत्तर देतो. लोक विचारतात, त्याने मारलं का, दुसरी कोणी आहे का? दोन्ही नाही, म्हटलं की त्यांना माझीच शंका येते.

मी त्याच्या शर्यती बघत नाही. सासूबाई बघतात, पुतण्याच्या मोबाईलवर. शर्यत संपली की त्या मला फोन करतात. कितवा आला ते त्यांना कधीच नीट सांगता येत नाही.

"आला बाय पान्याभाईर," त्या म्हणतात. "बरा हाय."

"बरं," मी म्हणते, आणि दुसरी लाइन वाजत असते, म्हणून फोन ठेवते.