सहादेवचा गमजा

मिरजगावात हायवेला लागून सहादेवचं पंक्चरचं दुकान आहे. तो कुणाच्याही गाडीत हवा भरून देईल, पण मागं बसलेल्या बाईचा पदर लोंबत असला तर पाइपाला हात लावणार नाही. “आदी पदर खोचा, मंग हवा,” हा त्याचा कायदा. चाकात पदर गुंतून पडलेल्या तीन बाया त्यानं स्वतः उचलल्या होत्या. एका तलाठीणबाईंनासुद्धा त्यानं ताटकळत ठेवलं होतं, आणि त्यावरून तो येईल त्याच्यापुढं गमजा मारायचा.

परवा मेहताबभाभी नवऱ्याच्या मोटारसायकलवरून आल्या. सहादेवनं तोंड उघडायच्या आत त्यांनी पदर कमरेला खोचला. सहादेव एकदम खूश! कॉम्प्रेसर चालू करायला तो वाकला, तसा गळ्यातला लांबलचक गमजा यंत्राच्या उघड्या पट्ट्यावर लोंबायला लागला.

“थांबा सहादेवभाऊ!” भाभी कडाडल्या. “बटनाला हात लावू नका!”

“का? पदर तर खोचलाय की तुमी.”

“मी खोचलाय. तुमचा कुठंय?”

सहादेवनं खाली पाहिलं. मग मुकाट्यानं गमजा कमरेला खोचला, अगदी नव्या सुनेसारखा, आणि विचारलं, “आता भरू का हवा?”