उपग्रहावरचा फुकट्या

खराडीतल्या त्या ऑफिसात सुरय्या बागवानला सगळे नकारघंटा म्हणत. पाठीमागे नाही, तोंडावर. एका वाढदिवसाला केकवरही कुणीतरी तेच लिहून आणलं होतं. तिने केक कापला, खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी आणखी एका गोष्टीला नकार दिला.

सुरय्या कसबा पेठेत वाढली. लग्नानंतर बिबवेवाडीत आली. नवरा एजाज तिथे ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं दुकान चालवतो. बरीच वर्षं ती एका बँकेत कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं काम पाहत होती. बँकेत लोक तिचं ऐकत, कारण तपासणीला येणाऱ्या साहेबांना सगळेच टरकून असत. चाळिशी ओलांडल्यावर तिला वाटलं, काहीतरी नवं करावं, म्हणून ती छोटे उपग्रह बनवणाऱ्या या कंपनीत आली. इथे कुणालाच कुणाची भीती नव्हती.

आल्या आल्याच तिने कंपनीचा मालक आमोद याला विचारलं होतं, "आपल्या उपग्रहाला कुलूप काय आहे?"

"उंची," आमोद म्हणाला. "वर कोण जाणार आहे, मॅडम?"

सगळे हसले, तीही हसली. तिला तो विनोद वाटला. पुढे कळलं की ते कंपनीचं धोरण होतं.

उपग्रह मायक्रोवेव्हएवढा होता आणि शेतांचे फोटो काढायचा. त्यावर एक जादा कॉम्प्युटर बसवलेला होता. तो कंपनी भाड्याने द्यायची. गिऱ्हाइकाने आपला प्रोग्राम पाठवायचा, कंपनीने तो वर चढवायचा, म्हणजे फोटोंची तपासणी वरच्या वर होऊन फक्त निकाल खाली येणार. पहिलं गिऱ्हाईक पीकविम्याचं काम करणारं होतं. त्यांचा प्रोग्राम आला शुक्रवारी दुपारी, आणि सोमवारी गुंतवणूकदारांसमोर प्रात्यक्षिक ठरलेलं.

"मला तपासायला आठवडा लागेल," सुरय्या म्हणाली.

"अहो, पिकं ओळखणारा प्रोग्राम आहे तो. त्यात काय असणार?"

"तेच बघायला आठवडा लागेल."

"सोमवारी माणसं येतायत. मी जबाबदारी घेतो."

"मग निदान त्याला सगळे अधिकार तरी देऊ नका. फोटो वाचायचे आणि निकाल लिहायचा, एवढीच मुभा द्या."

आमोदने शेफालीकडे पाहिलं. उपग्रह चालवणाऱ्या टीमची ती प्रमुख. "तसं करायचं तर सोमवार हुकेल," ती हळूच म्हणाली. झालं. प्रोग्राम होता तसा, सगळ्या अधिकारांसकट वर गेला. सोमवारी टाळ्या वाजल्या, पेढे वाटले. सुरय्यानेही एक खाल्ला. पेढ्याशी तिचं काही भांडण नव्हतं.

नंतर उपग्रहाची बॅटरी खंगायला लागली. उन्हातून जाताना ती भरायला हवी, पण पृथ्वीच्या सावलीत शिरायच्या वेळी अर्धीच भरलेली असायची. आतलं तापमानही चढत होतं. आमोदला सौर पॅनेलचा संशय आला, मग बॅटरी पुरवणाऱ्यांचा. फोनवर त्यांची यथेच्छ कानउघाडणी झाली.

"वर कुठले प्रोग्राम चालू आहेत, त्यांची यादी मागवू या का?" सुरय्याने विचारलं.

"आधी पॅनेल बघू."

उपग्रह पुण्यावरून जातो तेव्हा जेमतेम काही मिनिटं त्याच्याशी बोलता येतं. त्या मिनिटांवर सगळ्यांचा डोळा होता. पॅनेलवाले झाले, बॅटरीवाले झाले, दिशा सांभाळणारे झाले. सुरय्या रोज विचारायची आणि रोज तिला ‘उद्या’ म्हणून सांगितलं जायचं. ती जागेवर जाऊन बसायची आणि बॅटरीचा आलेख खाली खाली येताना बघत राहायची. काय झालंय ते आपल्याला बहुतेक कळलंय आणि ते बघायची परवानगी नाही, हे तिला बँकेत कधीच सोसावं लागलं नव्हतं.

घरी ती एजाजला म्हणाली, "लोक ऐकत नाहीत त्याचं काही नाही. ऐकून घेतात, मान डोलावतात, आणि मग ऐकत नाहीत."

"गिऱ्हाईकसुद्धा असंच करतं," एजाज म्हणाला. "मग खिडकीतून पाणी आलं की मलाच फोन."

"तुला निदान फोन तरी येतो."

शेवटी उपग्रहानेच काय ते ठरवलं. बॅटरी अगदी तळाला गेली तशी त्याने जीव वाचवण्यापुरतं चालू ठेवून बाकी सगळं बंद केलं. दोन दिवसांनी थोडी बॅटरी भरली, जादा कॉम्प्युटर पुन्हा चालू करून बघायचं ठरलं, तेव्हा शेफाली कुणालाही न विचारता सुरय्याच्या टेबलाशी आली. "मॅडम, पुढची फेरी तुमची."

यादी आली. त्यात एक साध्याशा नावाचा प्रोग्राम होता आणि जवळपास सगळा कॉम्प्युटर एकटा खात होता. सुरय्याने तो लगेच ओळखला. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये गुपचूप घुसून, दुसऱ्याच्या विजेवर, आपल्या धन्यासाठी बिटकॉइनसारखे पैसे खणत बसणारा तो व्हायरस. विम्याच्या कंपनीतल्या कुणीतरी इंटरनेटवरचा तयार तुकडा आपल्या प्रोग्राममध्ये जोडला होता, त्याच्या पोटात बसून हा वर गेला होता. तिथे इंटरनेट नाही, धनी नाही. तो बापडा धन्याला हाका मारत होता, उत्तर येत नव्हतं, म्हणून पुन्हा मारत होता, आणि मधल्या वेळात इमानाने खणत होता.

"म्हणजे आपण अवकाशात आहोत हे त्याला माहीतच नाही?" शेफालीला हसू आवरेना.

"माहीत असायची त्याला काय गरज," सुरय्या म्हणाली. तिला हसू येत नव्हतं.

त्यांनी तो पुसला. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला तसा तो परत हजर. सगळे अधिकार मिळाल्यामुळे कॉम्प्युटर सुरू होताना जे जे आपोआप चालतं, त्यात त्याने स्वतःचं नाव घालून ठेवलं होतं. जुनी प्रत चढवावी, तर अडीअडचणीसाठी ठेवलेली प्रत सोमवारच्या प्रात्यक्षिकानंतर घेतलेली, म्हणजे त्याच्यासकट. खालून अख्खी कोरी प्रत पाठवायला फेरीतली ती काही मिनिटं पुरणारी नव्हती. शेवटी तो जादा कॉम्प्युटर कायमचा बंद करावा लागला. बॅटरीने जो मार खाल्ला तो खाल्लाच. उपग्रह जगला, पण आता आधीच्या निम्मेच फोटो काढतो.

गुंतवणूकदारांच्या बैठकीत आमोदने सांगितलं की अवकाशातल्या किरणोत्सर्गामुळे एक भाग निकामी झाला.

"किरणोत्सर्ग नव्हता तो," सुरय्या तिथेच म्हणाली. "आपणच वर चढवलेला व्हायरस होता."

खोलीत कुणीतरी खोकलं. बाहेर आल्यावर आमोद संतापला नाही, उलट समजुतीच्या सुरात बोलला. "लोक घाबरतात, मॅडम. तुमचं चुकलं नव्हतं, मला मान्य आहे. पण प्रत्येक वेळी आठवडा कुठून आणू?"

हे तिच्या जास्त जिव्हारी लागलं. तो खोटारडा असता तर बरं झालं असतं. त्याला सगळं पटलं होतं, आणि तरी काही बदलणार नव्हतं.

जुन्या बँकेत जागा निघाली होती. तिने अर्ज भरला आणि पाठवला नाही. कारण विचारलं तर तिला धड सांगता आलं नसतं. एक मात्र झालं होतं. शेफालीने आमोदला तोंडावर सांगितलं की सुरय्या मॅडमनी बघितल्याशिवाय यापुढे ती एकही फाइल वर पाठवणार नाही, नोकरी गेली तरी चालेल. नोकरी गेली नाही. आमोद म्हणाला, "ठीक आहे, दोन दिवस." सुरय्याने सात मागितले. तीन मिळाले.

पुढच्या उपग्रहासाठी नव्या गिऱ्हाइकाचा प्रोग्राम आला तेव्हा ती तिन्ही दिवस मान मोडून बसली. वावगं काही सापडलं नाही, आणि तेवढ्याने तिला बरंही वाटलं नाही. अहवालाखाली तिने लिहिलं, 'तीन दिवसांत जेवढं पाहता येतं तेवढं पाहिलं. बाकीचं पाहिलेलं नाही.'

"शेवटचं वाक्य काढता येईल का?" आमोदने विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि पर्स उचलून घरी गेली.