पाठीतलं निवळ पाणी

शुद्धलेखनाच्या चुका आणि वेडंवाकडं अक्षर याबद्दल आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंतच. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी कागदासमोरही लाजल्यासारखं होतं.

लेकीचे पाय भाताच्या आवणीत बधिर झाले. भातखाचराच्या चिखलात दिवसभर वाकून आमचे सगळ्यांचेच होतात, म्हणून मी तेल चोळत राहिले. मग तिला एका डोळ्यानं अंधुक दिसायला लागलं. अकोले तालुक्याच्या डॉक्टरांनी नगरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

डोक्याच्या फोटोत डाग निघाले. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असे डाग बऱ्याच आजारांत दिसतात, पाठीतलं पाणी तपासलं तर जास्त खात्री होईल. पाणी काढलं की माणूस जन्माचं अधू होतं, असं आमच्याकडं बोलतात. लेकच म्हणाली, "आई, आत्ता तरी मी कुठं पळतीय? काढू दे."

पाणी काढल्यावर नळ्या माझ्याच हातात दिल्या, खाली लॅबमध्ये न्यायला. एकीत रक्त, एकीत पाठीतलं पाणी. जिन्यात थांबून मी बघितलं. झऱ्यासारखं निवळ! आम्ही पाणी नजरेनंच पारखतो. मी लगेच घरी सासूबाईंना फोन लावला.

"निवळ हाय, आत्याबाई!"

"व्हय? मग काय न्हाई त्यात. हे डाक्टर उगा घाबरवत्यात." सासूबाईंनी आळीत गूळ वाटला.

रिपोर्ट बऱ्याच दिवसांनी आला. बाईंनी कागदावर रेघा ओढून दाखवल्या. "सूज असली की असे पट्टे उमटतात. ते पाण्यात आहेत, रक्तात नाहीत. म्हणजे सूज मेंदूत आणि मणक्याच्या आतल्या नसेतच आहे."

मी म्हणाले, "पण बाई, पाणी तर निवळ होतं."

"या आजारात ते निवळच दिसतं, मावशी."

गावात लोकांनी गूळ खाल्ला होता, आणि इथं त्याच पाण्यात माझ्या पोरीचा आजार निघाला. अजूनही ते माझ्या डोक्यात पुरतं शिरलेलं नाही.

आजार मुळातून जात नाही, पण औषधानं दाबून ठेवता येतो, असं बाईंनी सांगितलं. इंजेक्शनांसाठी बचत गटातून कर्ज काढलं. हळूहळू पाय परत आले, डोळाही बराच निवळला.

परवा गटाच्या बैठकीला लेक माझ्यापुढं चढ चढून गेली. "आईला मागं टाकून कुठं निघालीस गं?" बायका हसल्या. शेवटचा हप्ता तिनंच भरला. अध्यक्षीणबाईंनी सही केली आणि म्हणाल्या, "फिटलं बाई सगळं."