सारवलेला कोबा

वंदनाने दार ढकललं आणि डोळ्यांच्या आधी नाकाला कळलं. शेण. ताजं, ओलं, पहाटेचं. तिचा पाय उंबऱ्यावरच थांबला. मागून येणारा मुकेश, तिचा नवरा, तिच्या पाठीवर आदळला आणि 'काय गो' म्हणता म्हणता तोही थांबला.

चार दिवस खपून तिने त्या जुन्या कोब्याचा कण न् कण उघडा केला होता. तोच अख्खा कोबा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत शेणाने सारवलेला होता. सारवणसुद्धा कसं, तर एकसारखं, हाताच्या अर्धगोल लाटा एकीत एक गुंफलेल्या. काल संध्याकाळी कोपऱ्यात तिने जमिनीला प्लास्टिकचा तुकडा चिकटवून ठेवला होता. रात्रभर त्याच्या पोटाला घाम धरला नाही, तर जमीन कोरडी, लेप चढवायला मोकळी. तो तुकडा कुणीतरी अलगद सोडवून, चौकोनी घडी घालून खिडकीत ठेवला होता.

त्या घडीकडे ती बघत राहिली. कुणी मुद्दाम नासधूस केली असती तर आरडाओरडा तरी करता आला असता. हे तर कुणीतरी मन लावून केलेलं काम होतं.

वंदना शहापूर तालुक्यातली, तानसाच्या अलीकडची. दहावीत गणित राहिलं, मग लग्न झालं, मग भिवंडीकडच्या गोदामांत रोजावर जाऊ लागली. गोदामांच्या जमिनी घासून त्यांवर गुळगुळीत रंगीत लेप चढवायचं काम. मशीन पुरुषांच्या हातात आणि मागे पडणारा राखाडी राडा घमेल्याने भरून टाकायला बायका. सहा वर्षं तिने राडाच उचलला. एकदा मशीनवाला आला नाही आणि मुकादम डोकं धरून बसला, तेव्हा ती म्हणाली, मी चालवते. मुकादम हसला. दुपारपर्यंत हसायचा थांबला, कारण तिच्या मशीनखाली जमिनीवर एक वळ उठत नव्हता. राडा उचलता उचलता ती जमीनच वाचायला शिकली होती. लोखंडी सळई आपटून आवाजावरून सांगायची, इथे खाली पोकळ आहे, इथे नाही.

यंदा तिने जुनं मशीन स्वतःचं केलं, मुकेशने त्याच्या टेम्पोत त्याला जागा केली. आणि पहिलं स्वतःच्या नावावरचं काम आलं ते मुरबाड तालुक्यातलं, म्हसा गावापासून आत, डोंगराच्या अंगाला असलेल्या या गावातलं. गावाच्या जुन्या सभागृहात पोरींसाठी अभ्यासिका करायची होती. म्हशाची जत्रा भरायच्या आत, म्हणजे बाहेर कामाला गेलेली माणसं गावात आलेली असतील तेव्हा ती उघडायची होती. काम आणलं सुनिलने. सुनिल याच गावचा. गोदामात चार वर्षं तिच्या जोडीला होता, तिला ताई म्हणायचा, तिच्या डब्यातलं सुकट तिच्याआधी संपवायचा. गावाच्या समितीत तो सगळ्यांसमोर म्हणाला होता की, मिस्त्री मी आणतो, आणि मिस्त्री बाई आहे. समितीतल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं होतं. तेव्हा हे काम नुसतं काम नव्हतं. हे बिघडलं, तर आजूबाजूच्या दहा गावांत पुन्हा कुणी बाईच्या हाती जमीन देणार नव्हतं, हे वंदनाला पक्कं ठाऊक होतं.

कोबा तीस वर्षांचा. पहिला दिवस सळई आपटण्यात गेला. जिथे बद्द वाजलं तिथे खडूने गोल. तिथला भाग फोडून काढला, भरला. भेगा रुंद करून भरल्या. एका कोपऱ्यात पूर्वी रेशनच्या रॉकेलची पिंपं असायची. तिथलं काळं तेल सोड्याच्या गरम पाण्याने तीनदा उपसून काढलं. मग दोन दिवस मशीन. वरची जुनी, माणसांच्या तळव्यांनी गुळगुळीत केलेली साय गेली आणि खालून खडीचे ठिपके वर आले. अशी घासलेली जमीन फार तहानलेली असते. जे सांडेल ते पिते. म्हणून काल संध्याकाळी ती सुनिलला दोनदा बजावून गेली होती की, आत चप्पल नाही, चहा नाही, पानाची पिंक तर नाहीच. सुनिल हसला होता. मला सांगतेस, म्हणाला होता.

आता तोच सुनिल मागच्या बाजूने आला. बादली हातात, केस ओले. तिला दारात बघून त्याची चाल जरा मोडली.

तो बोलत सुटला. आईने केलं, म्हणाला. जुनी बाई आहे, पहाटे उठून आली, कुणाला विचारलं नाही. आमच्याकडे नव्या जागेत पाऊल पडायच्या आधी भुई सारवतात, ते तिच्या अंगातच आहे. तिला काय कळणार लेप न् बिप. तू मनावर घेऊ नको, ताई, आपण धुऊन काढू.

वंदनाने श्वास सोडला. खरं सांगायचं तर तिला थोडं हसूही आलं. तिची स्वतःची आई अजून अंगण सारवायची, आणि पाहुणा येणार म्हटलं की पुन्हा सारवायची. म्हातारी माणसं. तिने मनात हिशेब मांडला. आज धुणं, उद्या पुन्हा एक हात मशीन, मग तीन दिवस वाळणं, मग लेप. जत्रेच्या आत बसत होतं, काठावर का होईना. ती सुनिलला म्हणाली की, आईला बोलाव, मी समजावून सांगते, म्हणजे लेप चढल्यावर तरी असं व्हायचं नाही.

बोलवावं लागलं नाही. सुनिलची आई, सकुबाई, समोरच्या पडवीतून येतच होती. सत्तरीची, काटक, लुगड्याचा काष्टा घट्ट, कोपरापर्यंत हात हिरवट. पहिल्या दिवशी हिनेच मुकेशला गाव विचारलं होतं, मग आडनाव, मग आळी. मुकेशने बौद्धवाडी म्हणून सांगितलं तेव्हा तिने मान हलवली होती आणि पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवून गेली होती.

वंदना खाली बसली, म्हाताऱ्या माणसाशी बसून बोलावं म्हणून. घासलेल्या जमिनीला कशी छिद्रं असतात, शेणाचं पाणी आत कसं शिरतं, मग वरचा लेप महिन्याभरात पापुद्र्यासारखा कसा सुटतो, हे तिने सावकाश सांगितलं. सकुबाई नीट ऐकत होती. मग वंदना म्हणाली, "मावशी, मातीच्या भुईला सारवायची रीत हाय ती बरोबर हाय. पर कोब्याला नाय चालत."

सकुबाईला ते विचित्रच वाटलं. "कोब्याला कोण सारवतंय गो? आमी कोब्याला कवाच नाय सारवीत. माज्या घरात पन कोबाच हाय की."

"मग हे?"

"हे येगळं." सकुबाईने हात लुगड्याला पुसला. आवाज अगदी साधा, भाताला पाणी किती घालायचं ते सांगावं तसा. "चार दिस तू आत वावरलीस, बसलीस, हात फिरवलास समद्या भुईवर. पोरी बसायच्या हायेत तितं, देवाचा फोटो लागायचा हाय. म्हनून सारवून घेतलं. तुज्यावर राग नाय बाय. काम चांगलं करतेस तू."

समोरच्या पडवीत कुणीतरी तांदूळ पाखडत होतं, त्या सुपाचा आवाज थांबला.

वंदनाला वाटलं, आपण उठावं. पण ती बसूनच राहिली. तिला एकदम गेले चार दिवस दुसऱ्याच बाजूने दिसले. चहा रोज कागदी पेल्यात आला होता, आणि तिला वाटलं होतं, कामावर सोयीचं. जेवायला सुनिल रोज म्हणायचा, ताई, इथेच झाडाखाली बसू, वारा छान आहे. वारा खरंच छान होता. म्हातारी जे बोलली त्याचा धक्का होताच, पण त्याहून मोठा धक्का तिला या गोष्टीचा होता की म्हातारी तिच्याकडे प्रेमाने बघत होती.

तेवढ्यात सकुबाई लेकाकडे वळून म्हणाली की, त्या पाटीतलं उरलेलं शेण गोठ्याकडे नेऊन टाक, पहाटे तू दोन पाट्या आणल्यास, एकच पुरली.

वंदनाने मान वर केली. सुनिलच्या हातातली बादली, त्याचे ओले केस. तो आंघोळ करून आला होता.

"शेण तू आनलंस?"

सुनिलने बादली खाली ठेवली.

"तुला ठाऊक होतं ना रे, घासलेला कोबा काय पितो ते? आईला नाय ठाऊक. तुला?"

"ठाऊक होतं," तो म्हणाला. मग जमिनीकडे बघत, "आईशी कोन भांडनार, ताई. म्हनलं तुला रीत म्हनून सांगू. तू मानशील. मग धुऊन टाकू."

मुकेशचं डोकं फिरलं होतं. तो टेम्पोचा मागचा फाळका खाली पाडून मशीनची वायर गुंडाळू लागला होता, हिंदीत, मराठीत, सगळ्यांत पुटपुटत. चल, म्हणाला. यांची जमीन, यांचं शेण, बसू दे घेऊन. पडवीतली माणसं ओट्यावर आली होती. समितीतले एक आजोबा काठी टेकत जवळ आले आणि 'झालं गेलं' असं काहीतरी सुरू करणार होते.

वंदना उठली. टेम्पोत बसून निघून जाणं सगळ्यात सोपं होतं. आणि गेली असती तर संध्याकाळपर्यंत जवळच्या धसईच्या बाजारात एवढंच पोचलं असतं की, बाई काम अर्धं टाकून पळाली. शेणाचं कुणी बोललं नसतं. शिवाय या उघड्या, धूळ सोडणाऱ्या जमिनीवर बसून पोरी खोकत राहिल्या असत्या.

"मुकेश, वायर सोड," ती म्हणाली. "काम करनार मी. पर ही जमीन मी नाय धुनार. कुनाची सून पन नाय धुनार, लेक पन नाय." तिने कोपऱ्यातला ताठ केसांचा ब्रश उचलून सुनिलपुढे धरला. "तू धुवायची. गुडघ्यावर बसून, आपन गोदामात धुवायचो तशी. तुला येतं."

त्या गावात पुरुष शेणाला हात लावतो तो गोठ्यात, फार तर शेतात. सारवण काढायला गुडघ्यावर बसलेला पुरुष कुणी बघितला नव्हता. सुनिलने आजोबांकडे बघितलं, ओट्याकडे बघितलं. ब्रश त्याच्या आणि वंदनाच्या मधे हवेत होता आणि तिने हात मागे घेतला नाही.

त्याने ब्रश घेतला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाणी ओतलं आणि पहिला हात मारला.

आता धक्का बसायची पाळी सकुबाईची होती. ती लगबगीने पुढे झाली, लेकाच्या हातातून ब्रश ओढू लागली. मी केलं, मी धुते, याला का बसवतेस लोकांदेखत, असं ती कळवळून म्हणत होती. वंदनाने तिचा दंड धरला, जोराने नाही.

"मावशी, तुमी बसा. तुमच्या मनात होतं ते तुमी तोंडावर सांगितलंत. हा चार वर्षं माझ्या डब्यात जेवला आन् गप बसला."

सकुबाई आपल्या दंडावरच्या त्या हाताकडे बघत राहिली. झटकला मात्र नाही. मग ओट्यावर जाऊन बसली आणि लेकाची हलणारी पाठ बघत राहिली.

दुपारपर्यंत सुनिल धूत होता. हिरवं पाणी दारातून वाहत ओट्याखाली गेलं. पहिल्या धुण्याला वरचं गेलं, दुसऱ्याला थोडं, तिसऱ्यालाही छिद्रांतून पिवळट येतच राहिलं. वंदना दर वेळी पांढरं फडकं ओलं करून जमिनीवर दाबायची आणि उचलून त्याला दाखवायची. तो पुन्हा बसायचा. चौथ्यांदा फडकं पांढरं राहिलं. तेव्हा कुठे तिने मुकेशला मशीन उतरवायला सांगितलं.

जमीन पुन्हा घासली, वाळली, आणि जत्रेच्या चार दिवस आधी लेप चढला. निळसर राखाडी, सुनिलनेच निवडलेला रंग. तो बादलीत लेप कालवून बाहेरून द्यायचा, नजर खाली. ती घ्यायची. 'ताई' म्हणायचं त्याने सोडलं नव्हतं, ती 'हां' एवढंच म्हणायची.

लेप नेहमी आतल्या भिंतीपासून दाराकडे ओढत आणतात, माणसाने मागे मागे सरकत. एकदा बाहेर आलं की तीन दिवस कुणी पाऊल टाकायचं नाही. वंदना गुडघ्यांवर, पाठ दाराकडे, रूळ फिरवत एकेक हात मागे येत होती. समोर ओली जमीन आरशासारखी होत चालली होती, छताचे वासे तिच्यात उतरले होते. उंबऱ्याशी पोचली तेव्हा तिच्या टाचा कशाला तरी लागल्या. सकुबाई बसली होती, अगदी दारात, कधीपासून कोण जाणे.

"आत कवा जाता येनार?" म्हातारीने विचारलं.

"तीन दिसांनी."

"कुनालाच?"

"कुनालाच."

वंदनाला बाहेर यायला जागा हवी होती, आणि रूळ थांबवला असता तर लेपावर रेघ उठली असती.

"मावशी, सरका."

मागे लुगड्याची सळसळ झाली. म्हातारी सरकली होती. किती सरकली, ते वंदनाने वळून पाहिलं नाही. तिचं लक्ष उंबऱ्यालगतच्या शेवटच्या ओल्या पट्टीवर होतं.