अकरा नंबरचा सलाम

त्यांना सगळे उंदीरमामा म्हणायचे, आणि त्याचं त्यांना कधी काडीचंही वाईट वाटलं नाही. मेंदूवर संशोधन करणारी एक संस्था, तिच्या तळमजल्यावर उंदरांची खोली, आणि त्या खोलीचे एकोणतीस वर्षांचे राजे म्हणजे हे. पिंजऱ्यातला भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या धुवायच्या, एकेका उंदराला वाटीत बसवून वजन करायचं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा एवढा मोठा, की माणूस दिसायच्या आधी खुळखुळ ऐकू यायची. मामी म्हणायच्या, "गाईच्या गळ्यातली घंटा परवडली. ती दूध तरी देते."

मामा शिस्तीचे फार कडक होते. म्हणजे, त्यांच्या स्वतःच्या मते. खोलीत पाटी होती : 'प्रयोगातल्या प्राण्यांना हाताने काही देऊ नये.' पाटी त्यांनीच लावलेली, खिळाही त्यांनीच ठोकलेला. आणि त्याच पाटीखाली उभं राहून हे गृहस्थ रोज सकाळी पाटी मोडत होते!

सुरुवात अगदी साधी झाली. अकरा नंबरचा एक उंदीर होता, डाव्या कानाला खाच असलेला. एकदा वजन करताना त्याने उजवा पंजा वर उचलला. अंगाला खाज सुटली असेल बिचाऱ्याच्या! पण मामांना वाटलं, यानं आपल्याला सलाम केला.

"अरे वा, साहेबाला ओळखतोस की!" म्हणून त्यांनी हातमोज्याच्या बोटावर साखरेच्या पाण्याचा एक थेंब घेतला आणि त्याच्यापुढे धरला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पंजा, पुन्हा थेंब. पंधरा दिवसांत अशी गत झाली, की बाहेर किल्ल्या खुळखुळल्या की अकरा मागच्या पायांवर उभा आणि पंजा वर. इतक्या वर्षांच्या नोकरीत मामांना असा सलाम कुणी ठोकला नव्हता. घरी तर नावच काढू नका.

इकडे शेजारच्या खोलीत ताईचा प्रयोग चालला होता. ताई म्हणजे तरुण संशोधक बाई, मामांच्या लेकीच्या वयाची, दोन वर्षं याच कामात बुडालेली. उंदराला एका खोक्यात सोडायचं. दिवा लागला की त्याने पंजाने दांडी दाबायची, की थेंब मिळणार. उंदराच्या डोक्यात केसाएवढी बारीक काचेची तार. आतल्या ठरावीक पेशी एकमेकींशी बोलायला लागल्या की पडद्यावरची रेघ टुणकन वर उडायची.

"मामा, गंमत बघा," ताईने एकदा समजावलं होतं. "सुरुवातीला रेघ कधी उडते? थेंब मिळाल्यावर. पण एकदा उंदीर शिकला, की थेंबाचं कौतुक संपतं. मग रेघ दिवा लागल्यावरच उडते. आणि दिवा लागून थेंब नाही आला, तर रेघ नेहमीच्या पातळीच्याही खाली जाते."

"म्हणजे रुसते?"

"पेशींना कळतं, धरलेल्या आशेपेक्षा जास्त मिळालं की कमी. त्यावरूनच पंजा कधी आणि कसा हलवायचा, ते पक्कं होत जातं."

मामांनी मान हलवली. समजलं नाही की ते मान जरा जास्तच हलवायचे.

मग तो सोमवार आला. मामा बाटल्यांचा ट्रे घेऊन गेले तर ताई डोकं धरून बसलेली. बाकीचे उंदीर शहाण्यासारखे दांडी दाबत होते. अकरा मात्र दिव्याकडे ढुंकून बघेना. रोज दहाच्या सुमाराला, खोक्यात काहीही घडलं नसताना, त्याची रेघ छताला लागायची आणि हा उभा राहून एक पंजा हवेत धरायचा.

"वेड लागलंय त्याला," ताई म्हणाली. "नाहीतर तार चुकीच्या जागी गेली असेल. मोठे सर म्हणाले, शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही तर अकराला बाद करा."

मामांनी ट्रे खाली ठेवला. बाद म्हणजे काय, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? बाद झालेल्या उंदराच्या नावापुढे वहीत फुली मारायची, आणि दुसऱ्या दिवशी तो पिंजरा धुवायला काढायचा. फुली मामाच मारायचे. आणि रोज दहा वाजता शेजारच्या खोलीवरून खुळखुळत कोण जातं, तेही त्यांनाच ठाऊक होतं.

संध्याकाळी घरी आले ते तोंड पाडून. एरवी आल्या आल्या एक बूट दारात, दुसरा देव जाणे कुठे, अशी त्यांची तऱ्हा. वर्षानुवर्षं मामींनी कंठशोष केला. मग एक दिवस ओरडणं सोडलं आणि बिस्किटांचा डबा हाती घेतला. बूट कपाटात गेले तर दोन बिस्किटं, नाही तर नुसता चहा. आता डब्याचं झाकण वाजलं की मामा वाकलेच बुटांपाशी! आपण आपल्या मर्जीने वाकतो, असं त्यांना अजून वाटत होतं.

त्या दिवशी झाकण वाजलं, बूट कपाटात गेले, पण बिस्किटं तशीच राहिली. मामींनी ओळखलं.

"काय केलंत?"

मामांनी सगळं सांगितलं. "आठ महिने राहिलेत गं निवृत्तीला. पाटी मीच लावलेली. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

"ज्या तोंडाने साहेब म्हणवून घेतलंत, त्याच! नादी लावायचं तुम्ही, आणि फुली त्याच्या नावापुढे?"

सकाळी मामा ताईसमोर जाऊन उभे राहिले, कमरेचा जुडगा सोडला आणि टेबलावर ठेवला.

"ताई, अकरा वेडा नाही. वेडा मी आहे."

ऐकता ऐकता ताईचा चेहरा लाल झाला. "मामा! दीड महिना मी यंत्र उघडून बघतेय! तारा बदलल्या, दिवे बदलले. झोप गेली माझी!"

"चूक झाली. माझं नाव कळवा सरांना. पण त्याला बाद करू नका."

ताईने जुडगा उचलला, दाराआड गेली आणि हलक्या हाताने वाजवला. पडद्यावरची रेघ टुणकन वर. खोक्यात अकरा ताठ उभा, पंजा वर.

"बघा की, ताई," मामांना राहवेना. "माझ्याकडे पंधरा दिवसांत शिकला."

"गप्प बसा हो मामा!" ताई म्हणाली, पण बोलता बोलता तिला हसू फुटलं.

मोठ्या सरांनी मामांना खोलीत बोलावून अर्धा तास झापलं आणि लेखी ताकीद दिली. अकराची फुली मात्र टळली. कारण सापडलं होतं, आणि ते मोठ्या प्रयोगाहूनही मजेचं होतं. ताईने त्याच्यासाठी वेगळी वही उघडली, आणि मामांना जी शिक्षा दिली ती ताकिदीपेक्षा जड गेली. रोज दहा वाजता किल्ल्या वाजवायच्या, आणि थेंब द्यायचा नाही.

पहिल्या दिवशी अकराने सलाम केला, वाट पाहिली, पुन्हा केला. पडद्यावरची रेघ खाली गेली. मामांनी तोंड फिरवलं. चौथ्या दिवशी पंजा अर्धाच उचलला गेला. सातव्या दिवशी किल्ल्या वाजल्या आणि अकरा आपला भुसा हुंगत राहिला.

"झालं ताई तुमच्या मनासारखं?" मामांनी किल्ल्या मुठीत धरत विचारलं.

"झालं. आता किल्ल्या राहू द्या. नुसता थेंब द्या."

मामांनी न वाजवता, न बोलता बोट पुढे केलं. अकरा थबकला, मग चाटायला लागला. रेघ अशी उडाली, की ताई खुर्चीतून उठली. "कसलीच आशा नव्हती ना त्याला," ती पुटपुटली.

त्या संध्याकाळी मामा घरी आले तेव्हा कमरेला जुडगा नव्हता, तो आता रुमालात बांधलेला असायचा. मामींना चाहूल लागली नाही. डबा फळीवरच होता. मामांनी बूट काढले, गुपचूप कपाटात ठेवले आणि दार लावून घेतलं.

मामी हातात झारा घेऊन बाहेर आल्या. कपाटाकडे बघितलं, फळीवरच्या डब्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. झारा हातातच राहिला.

"अहो," त्यांनी मामांच्या कपाळाला हात लावला, "ताप-बिप नाही ना आलाय?"