माझ्या पायाची ती पोस्ट

गेल्या रविवारी फुलसावंगीला ताईच्या वावरात सीतादहीला गेले होते. कापसाच्या पहिल्या वेचणीआधीची ही पूजा... झाडांच्या ओळीत दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मग बाया ओटी बांधून वेचायला लागतात. चपला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर काढून सगळ्यांनी अनवाणी आत जायचं.

मी मूळची यवतमाळची, घरात सगळे नोकरीवाले, त्यामुळे वावरात गेलं की मला फोटोंचा जोर चढतो. आरती चालू असताना तळव्याला काहीतरी टोचलं. पण आरतीत कोण खाली बघतं... विसरून गेले.

रात्री महागावला घरी आल्यावर पाय ठणकायला लागला. सोमवारी सकाळी बघते तर अंगठ्याखाली लालभडक, गरम आणि टम्म सुजलेलं. आणि मला एकदम आठवलं, ताईच्या वावरातल्या झोपडीत फवारणीचा पंप टांगलेला होता.

सध्या आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेच्या कशा बातम्या येताहेत, तुम्ही वाचताच आहात. माझं डोकंच फिरलं. भाऊजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला फोन लावला आणि नाही नाही ते बोलले... लेकराबाळांना विषात नाचवलंत, अक्कल आहे की नाही, वगैरे.

"फवारनी होऊन लय दिवस झाले, सुनीता," ते हळूच म्हणाले. "मंधात पानी बी पडून गेलं." मी फोन ठेवून दिला.

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पायाचा फोटो इथंच टाकला, आणि खाली लिहिलं, 'फुलसावंगीच्या फवारलेल्या वावराचा प्रसाद'. तुम्ही हळहळलात, भराभर शेअर केलंत, आणि मला बरं वाटलं... आता ते आठवलं की कानशिलं तापतात.

संध्याकाळी डॉक्टरांकडे गेले, तेही निदान सोबत घेऊनच. त्यांनी पाय उलटसुलट करून बघितला. "मॅडम, वावरात दोन्ही पायानं गेलत्या ना? मंग फवारनीचं औषध एकाच पायाले कसं लागलं?"

मग त्यांनी छोटीशी चीर दिली. पू आला, आणि त्याच्यासोबत पराटीच्या जुन्या खुंटाचा तुकडा... कापसाच्या वाळक्या झाडाचा, गव्हाच्या दाण्याएवढा.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेताना मी भिंतीकडे बघत होते. कारण मी इथल्या ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते! जंतू आत शिरले की शरीर तिकडे रक्त वाढवतं म्हणून लाली आणि गरमी, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं म्हणून सूज, लढून मेलेल्या पांढऱ्या पेशींचा पू... दरवर्षी फळ्यावर आकृती काढते. तो अख्खा धडा माझ्या तळव्यावर चालू होता आणि मी दोष द्यायला माणूस शोधत होते.

पोस्ट लगेच काढली. पण फोटो तोवर गावच्या ग्रुपवर पोचला होता. मंगळवारी वेचणीला एकही बाई आली नाही. आभाळ भरून आलेलं, बोंडं फुटून कापूस लोंबतोय, आणि एवढ्या वावरात ताई आणि भाऊजी दोघंच... ताईने फोनवर एवढंच सांगितलं, रागावलीही नाही.

काल पट्टी बांधलेला पाय घेऊन माफी मागायला गेले. मला लंगडताना बघून भाऊजी भरली ओटी तशीच टाकून धावत आले. "सूज उतरली का? म्या दोन रात्री झोपलो नाही. तुले काही झालं असतं तं कोनाले तोंड दाखवलं असतं?"

मी रडतच पायातून निघालेल्या काडीचं सांगितलं. म्हटलं, "पण भाऊजी, फवारणीला खूप दिवस झाले हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"माहीत होतं. पन तू पोराइले हेच शिकवतं ना... मले वाटलं, माहंच काही चुकलं असंल."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. वेचणाऱ्या बायांच्या दारोदारही गेले. काहींना पटलं, काही नुसत्या पायाकडे बघत राहिल्या. त्यांचं तरी काय चुकलं, घरी लेकरं आहेत.

म्हणून हे लिहितेय. तो फोटो ज्यांनी शेअर केला होता, त्यांनी हेही तितक्याच घाईने करा... माझ्या भाऊजींच्या वावरात विष नव्हतं.